वृत्ती, ध्येय आणि प्रगती : संस्कृती बदलली की काय बदलते? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मोठे स्वप्न पाहा, ध्येय स्वतःचे स्वतः ठरवा, नेहमी सकारात्मक राहा. प्रगतीविषयीच्या व्याख्यानांत हा सल्ला हमखास मिळतो. काहींना तो लागू पडतो, काहींना पडत नाही. ज्यांना पडत नाही ती माणसे दोष स्वतःच्या माथी घेतात, आणि याचे मला फार वाईट वाटते. या सल्ल्याचा मोठा भाग एका विशिष्ट समाजात, तिथल्या माणसांना पाहून तयार झाला आहे. त्यातले काय सगळीकडे चालते आणि काय चालत नाही, हे सांगणारे संशोधन गेल्या पन्नासेक वर्षांत बरेच झाले. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्याच्या आधारे दिली आहेत.

## वृत्ती आणि ध्येय यांत फरक काय?

चूक झाली की मन स्वतःला काय सांगते, अवघड काम समोर आले की पाय पुढे पडतो की मागे, ही आपली वृत्ती. ती घरातून, शाळेतून, भाषेतून मुरत जाते आणि बहुतेक वेळा आपली आपल्याला दिसतही नाही. ध्येय मात्र आपण जाणूनबुजून ठरवतो : अमुक काळात अमुक ठिकाणी पोचायचे. दोन्हींचा एकमेकांवर परिणाम होतो, पण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

## ध्येय ठरवल्याने खरेच फरक पडतो का?

पडतो. मानसशास्त्रातल्या भक्कम निष्कर्षांमध्ये याची गणना होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये या विषयावर पायाभूत लेख लिहिला आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासोबत दशकानुदशके काम केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, 'जमेल तेवढे चांगले करा' असे सांगितलेल्या माणसापेक्षा नेमके आणि अवघड ध्येय घेतलेला माणूस जास्त काम करतो.

याचे एक उदाहरण मला फार आवडते. १९७० च्या दशकात ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरून निघत. चालकांना 'जमेल तेवढे भरा' एवढेच सांगितलेले होते. मग त्यांना नेमका आकडा दिला : ९४ टक्के. पगारवाढ नाही, बक्षीस नाही, नवे प्रशिक्षणही नाही. तरी काही महिन्यांत ट्रक ९० टक्क्यांच्या पुढे भरून जाऊ लागले आणि हा बदल टिकला. माणसे तीच होती आणि ट्रकही तेच. आधी 'पुरेसे' म्हणजे किती हे कोणालाच ठाऊक नव्हते, आता ते ठाऊक झाले होते.

मात्र तीन अटी आहेत. ध्येय मनाने स्वीकारलेले हवे, आपण कुठवर आलो हे वेळोवेळी कळायला हवे आणि काम करण्याची क्षमता हवी. पहिल्या अटीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि संस्कृतीचा संबंध येतो तो नेमका तिथेच.

## ध्येय लिहून ठेवणारे तीन टक्के विद्यार्थी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाले, हे खरे का?

नाही. येल विद्यापीठातील १९५३ च्या तुकडीची, कधी हार्वर्डची म्हणून, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. असा अभ्यास झालेलाच नाही. शोध घेणाऱ्यांना त्याचा मागमूस सापडला नाही. लिहून ठेवण्याचा फायदा होतो, हे दाखवायला दुसरे पुरावे आहेत आणि ते पुढे येतील. त्यासाठी या कहाणीची गरज नाही.

## संस्कृतीमुळे नेमके काय बदलते?

'मी' या शब्दाची हद्द बदलते.

मानसशास्त्रज्ञ हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये हे फार स्पष्टपणे मांडले. काही समाजांत माणूस स्वतःला इतरांपासून वेगळी, स्वयंपूर्ण व्यक्ती म्हणून ओळखतो. काही समाजांत तो स्वतःला नात्यांमधून ओळखतो : कोणाचा मुलगा, कोणाची बहीण, कोणत्या गटाचा घटक. पहिल्या ठिकाणी प्रगती म्हणजे आपले वेगळेपण सिद्ध करणे. दुसऱ्या ठिकाणी प्रगती म्हणजे आपल्या माणसांमध्ये आपली जागा नीट सांभाळणे आणि त्यांना वर नेणे.

यातून काय घडते हे शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांच्या १९९९ च्या प्रयोगात दिसते. सॅन फ्रान्सिस्कोतील सात ते नऊ वर्षांच्या मुलांना अक्षरे जुळवून शब्द तयार करायचे होते. काही मुलांना कोणत्या प्रकारचे कोडे सोडवायचे ते स्वतः निवडू दिले. काहींसाठी प्रयोग घेणाऱ्या बाईंनी निवडले. काहींना सांगितले की, हे तुझ्या आईने निवडले आहे. युरोपीय वंशाच्या मुलांनी स्वतः निवडलेल्या कोड्यांत सर्वांत चांगले काम केले. चिनी आणि जपानी वंशाच्या मुलांनी मात्र आईने निवडलेली म्हणून सांगितलेली कोडी सर्वांत जास्त सोडवली.

शहर एक, वय एक, कोडी एकच. 'स्वतः निवडले की हुरूप येतो' हा नियम एका गटाला तंतोतंत लागू पडला. दुसऱ्या गटात आईची निवड परकी वाटली नाही, कारण तिथे आई 'मी'च्या आतच होती. अनोळखी बाईंच्या निवडीने मात्र दोन्ही गटांची गोडी कमी झाली, हेही विसरू नये.

## म्हणजे आपल्याकडे दुसऱ्यांनी ठरवलेले ध्येयही चालते?

या प्रश्नावर सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

ध्येय 'माझे' आहे की नाही, हे दोन अर्थांनी विचारता येते. एक, ते मी एकट्याने ठरवले का? दुसरा, ते मला मनापासून पटले आहे का? पाश्चात्त्य सल्ल्यात हे दोन्ही प्रश्न एकच धरले जातात. २००३ मध्ये व्हॅलेरी चिरकोव्ह, रिचर्ड रायन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका येथील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून ते वेगळे केले. आपण जे करतो ते भीतीने, लाजेने किंवा दबावाने करतो, की पटले म्हणून करतो, याचा मनाच्या स्वास्थ्याशी चारही देशांत संबंध दिसला. करण्याची गोष्ट व्यक्तिवादी वळणाची आहे की समूहवादी, याने त्यात फरक पडला नाही.

म्हणून वडिलांचा व्यवसाय पुढे नेणारी मुलगी तो मनापासून नेत असेल, तर ते ध्येय पूर्णपणे तिचे आहे. आणि 'माझे आयुष्य मीच ठरवणार' म्हणत मित्रांच्या नजरेतून उतरू नये म्हणून परदेशी गेलेला मुलगा कदाचित दुसऱ्याच कोणाचे ध्येय जगत असेल. कोणी ठरवले यापेक्षा पटले का, हे मी आधी विचारते.

पटले आहे हे कसे ओळखायचे? ते काम करताना कोणी पाहत नसले तरी आपण ते करतो का, आणि त्यात अडथळा आला तर सुटका झाल्यासारखे वाटते की हळहळ वाटते, एवढे प्रामाणिकपणे पाहिले तरी बरेच कळते.

## 'ग्रोथ माइंडसेट' सगळीकडे लागू पडतो का?

बुद्धी आणि क्षमता प्रयत्नाने वाढतात, अशी धारणा म्हणजे ग्रोथ माइंडसेट. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या कामामुळे ही संज्ञा घरोघरी पोचली. १९९८ मध्ये त्यांनी क्लॉडिया म्युलर यांच्यासोबत दाखवले की 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे सोपे काम निवडतात आणि अडले की लवकर खचतात. 'तू खूप मेहनत घेतलीस' असे ऐकलेली मुले अवघड काम घेतात.

कल्पना मला मोलाची वाटते, पण तिचा परिणाम अनेकदा फुगवून सांगितला जातो. अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरच्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात तासाभराहूनही कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने गुणांत मागे असलेल्या मुलांची सरासरी ४ पैकी जेमतेम ०.१ ने वाढली. एवढ्या छोट्या धड्यासाठी हे चांगले आहे, पण हा चमत्कार म्हणता येणार नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या शाळांत सोबतची मुले आव्हान घेणे चांगले मानत होती तिथे गुण वाढले. जिथे मानत नव्हती तिथे परिणाम फारसा दिसला नाही. एकट्या मुलाची वृत्ती बदलून भागत नाही, आजूबाजूच्या हवेत ती टिकावी लागते.

देशोदेशी फरकही मोठा आहे. पिसा ही अनेक देशांतल्या शाळकरी मुलांची एकसारखी चाचणी. २०१८ च्या पिसा चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना विचारले होते की बुद्धी फारशी बदलता येत नाही, हे तुम्हाला मान्य आहे का. ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांत सरासरी ६३ टक्के मुलांनी अमान्य केले. एस्टोनियात हे प्रमाण पाऊणाच्या घरात होते, तर इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये निम्म्याहून बरेच कमी.

## अपयश आले की सगळीकडची माणसे सारखीच खचतात का?

नाही, आणि या अभ्यासाने माझे मत बरेच बदलले. स्टीव्हन हाइने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जपानी आणि उत्तर अमेरिकन विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली. काहींना सांगितले की तुम्ही छान केले, काहींना सांगितले की वाईट केले. नंतर तशाच दुसऱ्या कामाजवळ त्यांना एकटे सोडले आणि ते किती वेळ झटतात हे नकळत मोजले. उत्तर अमेरिकन विद्यार्थी यश मिळालेल्या कामात जास्त वेळ रमले. जपानी विद्यार्थी अपयश आलेल्या कामाला जास्त वेळ चिकटून राहिले.

कारण वृत्तीच्या मुळाशी आहे. 'माझ्यात जे उत्तम आहे ते शोधायचे' असे मानणारा माणूस यश दिसेल तिकडे जातो. 'माझ्यात जे उणे आहे ते भरून काढायचे' असे मानणाऱ्याला अपयश पुढचे काम दाखवते. जपानी शाळांत आणि कार्यालयांत 'हानसेई' म्हणजे काय चुकले याचा शांतपणे विचार करणे, हा नेहमीच्या कामाचा भाग असतो. चिनी भाषेत कष्ट सोसण्याला 'कडू खाणे' म्हणतात, आणि 'त्याला कडू खाता येते' ही तिथे प्रशंसा असते.

हॅरॉल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिगलर यांनी १९८० च्या दशकात सेंडाई, ताइपेई आणि मिनियापोलिस या शहरांतील शाळा आणि घरे पाहिली, तेव्हा हाच फरक आयांच्या बोलण्यात सापडला. मुलाच्या गणितातल्या यशाचे श्रेय जपानी आणि तैवानी आया अमेरिकन आयांपेक्षा कष्टाला जास्त देत. स्टिगलर यांनी जपानमधल्या एका वर्गात पाहिलेला प्रसंगही असाच आहे. घनाकृती काढता न येणाऱ्या मुलालाच शिक्षकांनी फळ्यावर बोलावले. तो तास संपेपर्यंत पुन्हा पुन्हा काढत राहिला, अखेर जमले आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. चूक चारचौघांत होणे ही त्या वर्गात लाजेची गोष्ट नव्हती.

यातून 'पौर्वात्य पद्धत श्रेष्ठ' असा निष्कर्ष मी काढत नाही. सतत उणिवा शोधणारे मन थकतेही. तुम्हाला कशाने बळ येते, शाबासकीने की राहिलेल्या चुकीने, हे ओळखून त्याप्रमाणे स्वतःची घडी बसवावी, एवढेच.

## 'देवाची इच्छा असेल तसे होईल' असे मानणाऱ्याला ध्येयाचा काय उपयोग?

श्रद्धा आणि आळस यांची गल्लत करू नये. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण मराठीने आळशी माणसाला टोचण्यासाठी घडवली आहे, आणि 'प्रयत्नांती परमेश्वर' हीसुद्धा त्याच भाषेची. इस्लामी परंपरेत उद्याची कोणतीही गोष्ट 'इन्शाअल्लाह' म्हटल्याशिवाय बोलू नये असे आहे. त्याच परंपरेत, उंट मोकळा सोडून देवावर भरवसा ठेवू का असे विचारणाऱ्याला 'आधी उंट बांध, मग भरवसा ठेव' असे उत्तर मिळाल्याचे सांगितले जाते. गीतेतही अधिकार कर्मावर सांगितला आहे, फळावर नाही.

मानसशास्त्राच्या भाषेत हे नियंत्रणाचे दोन प्रकार आहेत. परिस्थिती आपल्याला हवी तशी वळवणे हा एक, आणि स्वतःला परिस्थितीशी जुळवून घेणे हा दुसरा. जॉन वाइझ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिका आणि जपानची तुलना करून लिहिले की अमेरिकेत पहिल्याला जास्त मान आहे, जपानमध्ये दुसऱ्याला. दोन्हींची किंमत मोजावी लागते आणि दोन्हींचा लाभही होतो.

व्यवहारात याचा अर्थ असा : परीक्षेचा निकाल तुमच्या हातात पूर्ण नसतो, रोजचे दोन तास बरेचसे असतात. निकाल ही दिशा ठेवावी, आणि रोजचा हिशेब त्या दोन तासांचा ठेवावा. फळावर हक्क सांगत न बसता ध्येयाकडे चालण्याची ही रीत श्रद्धावान माणसाला जवळची वाटते आणि श्रद्धा नसलेल्यालाही उपयोगी पडते.

## सकारात्मक विचार केला की यश मिळते ना?

आशा आणि स्वप्नरंजन यांत फरक आहे. गाब्रिएल ओटिंगन आणि टॉमस वॅडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याचे उपचार घेणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास केला. 'आपल्याला जमेल' अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचे वजन जास्त उतरले. पण सडपातळ झालेल्या आपल्या रूपाची गोड चित्रे रंगवणाऱ्यांचे वजन कमी उतरले. मनाने यश आधीच भोगले की अंगातली धग ओसरते.

ओटिंगन सुचवतात ते असे : हवे ते डोळ्यांपुढे आणा आणि लगेच स्वतःमधला सर्वांत मोठा अडथळा डोळ्यांपुढे आणा. त्याला पीटर गोलविट्झर यांची 'जर-तर' योजना जोडा. 'मी नियमित वाचेन' असे न म्हणता 'रात्रीची भांडी आवरली की लगेच त्याच खुर्चीत बसून पुस्तक उघडेन, आणि फोन वाजला तर तो दुसऱ्या खोलीत ठेवेन' असे ठरवा. २००६ पर्यंतच्या ९४ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा या साध्या युक्तीचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. 'कळतं पण वळत नाही' या दुखण्यावर मला माहीत असलेला हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

## आमच्या समाजात शिस्तच नाही, मग प्रगती कशी होणार?

असे बोलण्याआधी दोन अभ्यास पाहा. 'आत्ता एक खाऊ घे, किंवा थांबलास तर दोन' ही लहान मुलांच्या संयमाची प्रसिद्ध चाचणी. कॅमेरूनमधल्या न्सो समाजातील शेतकऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलांना आणि जर्मनीतील मध्यमवर्गीय मुलांना ती दिली. जर्मन मुलांपैकी सुमारे ३० टक्के थांबू शकली, न्सो मुलांपैकी जवळपास ७० टक्के. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा २०२२ चा. जपान आणि अमेरिकेतल्या मुलांना एकदा खाऊसाठी आणि एकदा गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी थांबवले. जपानी मुले खाऊसाठी जास्त थांबली, अमेरिकन मुले भेटीसाठी. जपानमध्ये सर्वांचे ताट वाढून होईपर्यंत थांबण्याची सवय लहानपणापासून असते, आणि अमेरिकेत वाढदिवसाच्या किंवा नाताळच्या भेटी वेळ होईपर्यंत न उघडण्याची. संयम हा माणसात असतो किंवा नसतो असा गुण नव्हे. ज्या गोष्टीत रोजचा सराव झाला त्या गोष्टीत तो दिसतो. म्हणून 'मला शिस्त नाही' म्हणणाऱ्याला मी विचारते, तुम्ही न चुकता काय करता? काहीतरी निघतेच. नव्या कामाची गाठ तिथे मारावी.

## गरिबीत वृत्ती बदलून काय होते? पैसा आणि संधी नको का?

हवी. याबाबत मी ठाम आहे. तमिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात त्याच शेतकऱ्याचे विचारशक्तीच्या चाचणीतले गुण पीक हाती येण्याआधी, म्हणजे पैशाच्या ओढाताणीत, कमी होते आणि कापणीनंतर जास्त. माणूस तोच. टंचाई डोक्यातली जागा खाते. अशा माणसाला 'वृत्ती सुधारा' एवढेच सांगणे अन्यायाचे आहे.

पण संधी असूनही ती आपल्यासाठी आहे असे न वाटणे, हाही अडथळा असतो आणि तो हलवता येतो. इथिओपियातील दुर्गम गावांत, आपल्यासारख्याच परिस्थितीतून वर आलेल्या लोकांवरचे तासाभराचे माहितीपट दाखवले. सहा महिन्यांनी त्या कुटुंबांच्या आकांक्षा आणि बचत वाढलेली दिसली. पश्चिम बंगालमध्ये ४९५ गावांच्या २०१२ च्या अभ्यासात, सरपंचपद दोनदा स्त्रियांसाठी राखीव राहिलेल्या गावांत मुलगा आणि मुलगी यांच्याविषयी आईवडिलांच्या आकांक्षांतली तफावत २५ टक्क्यांनी घटली, आणि खुद्द मुलामुलींमधली ३२ टक्क्यांनी. कोणी व्याख्यान दिले नव्हते. मुलींनी आपल्यासारखी बाई खुर्चीत बसलेली पाहिली होती.

पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशातल्या १,५०० छोट्या व्यावसायिकांवरचा २०१७ चा प्रयोग तर मी अनेकांना सांगते. एका गटाला हिशेब, विक्री वगैरे नेहमीचे व्यवसाय प्रशिक्षण दिले. दुसऱ्याला पुढाकार घेणे, पुढचा विचार करून ध्येय ठरवणे, अडथळ्यांतून वाट काढणे, हे मानसशास्त्रावर आधारलेले प्रशिक्षण. दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्याचा सुमारे ११ टक्क्यांनी, आणि तोही योगायोग नव्हे असे म्हणण्याइतका ठळक नव्हता.

मग तेच सगळीकडे द्यावे का? शेजारच्याच भागातल्या नायजरमध्ये ग्रामीण गरीब स्त्रियांसोबत दोन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. एकीत स्वतःची महत्त्वाकांक्षा आणि पुढाकार यांवर भर होता. दुसरीत नात्यांचा सलोखा, मान आणि सर्वांनी मिळून पुढे जाणे यांवर. उत्पन्नावर स्पष्ट परिणाम दुसरीचा दिसला. ज्या गावात शेजारणीच्या भरवशाशिवाय व्यवसाय उभाच राहत नाही तिथे 'मी पुढे जाणार' हे वाक्य अपुरे पडते.

## ध्येय सर्वांना सांगावे की मनात ठेवावे?

कशासाठी सांगता, यावर ते अवलंबून आहे. 'मी लेखिका होणार', 'मी वकील होणार' अशी ओळखीशी जोडलेली ध्येये जाहीर केली की लोकांच्या कौतुकातच ते झाल्यासारखे वाटू लागते आणि कष्ट कमी होतात, असे गोलविट्झर यांच्या गटाला २००९ मध्ये आढळले. उलट २०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र पाहणाऱ्यांना दिसले की प्रगतीची वेळोवेळी नोंद ठेवल्याने ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, आणि ती नोंद लिहून ठेवली किंवा इतरांना दाखवली तर आणखी. माझा सल्ला : घोषणा करू नका, एका माणसाला दर आठवड्याला हिशेब द्या.

## स्मार्ट ध्येयांचे सूत्र वापरावे का?

कामापुरते. ध्येय नेमके, मोजता येणारे आणि मुदत ठरलेले असावे, अशा निकषांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'स्मार्ट' (SMART) हे नाव झाले आहे. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये ते व्यवस्थापकांसाठी मांडले होते. त्यातले 'ए' अक्षर मुळात 'कोणी करायचे ते नेमून दिलेले' या अर्थाचे होते. पुढे वैयक्तिक आयुष्यात वापरताना त्याचे 'गाठता येण्याजोगे' झाले. पटले आहे का, हे त्यात कुठेच विचारलेले नाही. ती उणीव लक्षात ठेवा.

## २१ दिवसांत सवय लागते का?

तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणातून आला. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तेवढे दिवस लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून स्वतःला आरंभशूर ठरवू नका.

## ध्येयाने नुकसानही होते का?

होते. काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल तेव्हा निकालाचा आकडा डोक्यावर ठेवला तर शिकणे मंदावते. हवाई वाहतूक नियंत्रणाचा सराव शिकणाऱ्यांवरच्या १९८९ च्या प्रयोगांत हे दिसले. अशा वेळी 'इतके गुण' याऐवजी 'हे करण्याच्या चार पद्धती शोधेन' असे शिकण्याचे ध्येय घ्यावे. दुसरा धोका आकड्यासाठी नीती सोडण्याचा. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या टार्गेटच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीशिवाय लाखो खाती उघडली आणि २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. टार्गेट नेमके होते आणि अवघडही होते. त्यासाठी काय करायचे नाही, हे मात्र तितक्याच ठामपणे ठरलेले नव्हते.

## वेगळ्या संस्कृतीतील सहकाऱ्याला प्रोत्साहन कसे द्यावे?

आधी त्याला विचारा. देशाच्या सरासरीवरून समोरचा माणूस ओळखता येत नाही. शिवाय मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांत एकेकाळी ९६ टक्के सहभागी ज्या देशांतले होते त्या देशांत जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. तेव्हा 'माणसाचा स्वभाव' म्हणून सांगितलेले बरेच काही एका कोपऱ्यातले आहे. तरी एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कॅनडातील २००५ च्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांना यशस्वी माणसाच्या उदाहरणाने जोर आला, तर आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना अपयशी ठरलेल्या माणसाच्या उदाहरणाने. एकाला शिखर दाखवावे लागते, दुसऱ्याला दरी.

## ध्येय सोडून देणे म्हणजे हार का?

'हाती घ्याल ते तडीस न्या' हे आपल्यावर लहानपणापासून ठसवले जाते, त्यामुळे हा प्रश्न विचारतानाच अनेकांचा आवाज खाली जातो. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ पासून यावर काम केले आहे. न गाठता येणारे ध्येय सोडू शकणारी आणि त्याच्या जागी दुसरे धरू शकणारी माणसे मनाने जास्त स्वस्थ असतात, असे त्यांना आढळले. किशोरवयीन मुलींच्या २००७ च्या अभ्यासात सोडणे ज्यांना कठीण जात होते त्यांच्या रक्तात शरीरातील दाह दाखवणाऱ्या सीआरपीचे प्रमाण वर्षभरात वाढलेले दिसले. सोडता न येणे शरीरालाही जड जाते.

अवघड आणि अशक्य यांतली रेघ मात्र आधी, मन शांत असताना आखावी : अमुक तारखेपर्यंत, अमुक प्रयत्न करून, अमुक खूण दिसली नाही तर मी थांबेन. ती तारीख त्याच कागदावर लिहावी ज्यावर ध्येय लिहिले आहे. आणि ध्येयात घरची माणसे सामील असतील, तर ती तारीख त्यांच्यासोबत बसूनच ठरवावी. थांबायचे झाले तर ते थांबणेही त्यांना पटलेले असायला हवे.